कर्ज कुणाचं, हप्ता कुणाचा?

(पिंगळी, जिल्हा परभणी इथं शिवणकाम, भाजीविक्री, गिरणी, शेळ्या असे स्वतःचे छोटे धंदे करणाऱ्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

मैत्रिणींनो,

मागं बसलेल्या मावशींनी मी आल्या आल्या विचारलं, ‘म्याडम, आज कोणती योजना आणली?’ योजना आणलेली नाही. आज आधी एक कबुली द्यायची आहे, आणि मग हिशेबाचं बोलायचं आहे. हिशेब म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणी पदर सावरून उठायला बघतात, म्हणून कबुली आधी.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मी कामाला लागले तेव्हा माझ्या वाट्याला गट बांधायचं काम आलं. आमची संस्था कर्ज देणाऱ्या एका कंपनीसाठी दहा-दहा बायकांचे गट करून द्यायची. पंधरा दिवसांनी बैठक, सतरंजी, वसुलीचं रजिस्टर. महिनाअखेर वसुली शंभर टक्के आली की टाळ्या पडायच्या. मलाही बरं वाटायचं. बाई कर्ज बुडवत नाही, बाईचा शब्द पक्का, असं आम्ही भाषणात सांगायचो आणि ते आम्हाला स्त्रीमुक्तीचंच वाक्य वाटायचं.

तर त्या काळात शिवणकाम करणाऱ्या एका बाईचे दोन हप्ते थकले. नवरा जाऊन दीड महिना झाला होता. गटाचा नियम असा की एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या नऊ जणींनी भरायचा, नाहीतर पुढचं कर्ज कुणालाच नाही. म्हणून त्या नऊ जणी आणि दहावी मी, अशा आम्ही तिच्या दारात जाऊन बसलो. कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. नुसत्या बसलो. चहा विचारला तर नको म्हणालो. दोन तासांनी ती उठून आत गेली, मशीनवर कुणाचं तरी अर्धं शिवलेलं पोलकं होतं ते घडी करून बाजूला ठेवलं, आणि शेजारच्या पोराला हाक मारली, ‘बापू, मशीन उचलायला हात लाव रे.’ मशीन साडेचार हजाराला गेली. हप्ते भरले गेले. रजिस्टरात मी शंभर टक्के लिहिलं.

वर्षभरानं तिचं कर्जाचं कार्ड माझ्या हातात आलं. त्यावर बारीक अक्षरात विम्याचा हप्ता कापल्याची नोंद होती, आणि विमा नवरा-बायको दोघांचाही होता. म्हणजे नवरा गेला त्या दिवसाचं उरलेलं कर्ज विम्यातून मिटायला हवं होतं. आम्ही जिच्या दारात बसलो ती त्या दिवशी कुणाचं काही देणं लागत नव्हती! तिला कुणी सांगितलं नव्हतं. वसुलीला येणाऱ्या साहेबानं सांगितलं नाही, आणि मी, जी शिकलेली म्हणून सगळ्यांच्या पुढं बसले होते, मी ते कार्ड कधी वाचलंच नव्हतं. मग अर्ज केला, मृत्यूचा दाखला जोडला, सात महिने खेटे घातले. भरलेले पैसे परत आले. मशीन आलं नाही. ते ज्यांनी घेतलं त्यांच्या सुनेचा त्यावर धंदा बसला होता, तिच्याकडून परत कसं मागायचं?

ती बाई आज या बैठकीत आहे. ‘माझं नाव घेऊ नका, पण सांगा,’ असं तिनंच मला सांगितलं.

तेव्हापासून मी कर्जाचा एकच प्रश्न आधी विचारते: हे कर्ज कुणाचं? किती आहे, कसं फेडणार, हे नंतर. आपल्याकडं उलटं होतं. बाई आधी ‘कसं फेडू’ म्हणून रडते, मग सोनं मोडते, मग मशीन विकते, मग माहेरी हात पसरते, आणि ‘हे माझं आहे का’ हा प्रश्न तिच्या मनात येतच नाही. कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की कर्ज म्हणजे घराची अब्रू, आणि घराची अब्रू म्हणजे बाई.

आता नीट ऐका. नवऱ्यानं त्याच्या एकट्याच्या नावानं घेतलेलं कर्ज तो गेल्यावर आपोआप बायकोचं होत नाही. त्यानं मागं ठेवलेली जी मालमत्ता वारसांकडं येते, जमीन, घर, बँकेतले पैसे, तेवढ्यापुरतीच त्या कर्जाची वसुली होऊ शकते. तिच्या शिवणकामाच्या कमाईतून, तिच्या माहेरच्या दागिन्यातून, तिच्या शेळ्या विकून नाही. मुलांचंही तेच. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, म्हणून वसूल करा, असं म्हणायची सोयही हिंदू वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनं त्यानंतरच्या कर्जांपुरती काढून टाकली. ज्या कर्जावर तुमची स्वतःची सही आहे, कर्जदार म्हणून किंवा जामीनदार म्हणून, ते मात्र तुमचं. आणि सातबारावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो जमिनीबरोबर येतो. तो नाही म्हणून चालणार नाही. मी कर्ज बुडवायला शिकवत नाही, हे इथं बसलेल्या दोन-तीन पुरुष मंडळींनीही ऐकून ठेवावं.

मग बाईच्या गळ्यात नवऱ्याचं कर्ज पडतं कसं? बहुतेक वेळा दहाव्या ते तेराव्याच्या मधल्या दिवसांत पडतं. घर माणसांनी भरलेलं असतं, बाईला अन्नपाणी गोड लागत नसतं, आणि कुणीतरी ‘दादांचं आमच्याकडं थोडं येणं होतं’ म्हणत ओसरीवर बसतो. चार भावकीतले लोक म्हणतात, ‘वहिनी, होय म्हणून टाका, मेलेल्या माणसाला ऋणातून सोडवा.’ आणि वहिनी नव्या कागदावर अंगठा देते. झालं! काल जे मेलेल्या माणसाचं कर्ज होतं ते आज जित्या बाईचं झालं. याला आपण ‘नवं-जुनं करणं’ म्हणतो. दुसरं असं की हातउचलीच्या, नुसत्या चिठ्ठीवरच्या कर्जासाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत लेखी कबुली दिली की मुदत पुन्हा नव्यानं सुरू होते. म्हणून सावकाराला तुमचे पाचशे रुपये तितके नको असतात, त्याला तुमची सही हवी असते.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांची खतं आणि वह्या ओढून जाळल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागदाची ताकद त्यांना पुरती कळली होती. त्यातून इंग्रज सरकारला १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा करावा लागला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, आपल्याला तो लागू नव्हता. आज मात्र कायदा सगळ्यांना एकच आहे, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. परवाना नसताना सावकारी करणं हा त्यानुसार गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असणाऱ्यालाही मुदलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. म्हणजे वीस हजार दिले तर व्याज म्हणून जास्तीत जास्त वीस हजार, मग वर्षं कितीही होवोत.

आता आपल्या गावाकडचा शेकडा पाचचा हिशेब करू. ‘पाच टक्के’ ऐकायला किती थोडं वाटतं! पण ते महिन्याचं. वीस हजारावर महिन्याला हजार रुपये, वर्षाला बारा हजार. शेकडा साठ झाले की! दोन वर्षांत चोवीस हजार नुसतं व्याज, आणि मुदलातले वीसच्या वीस हजार अजून तसेच उभे. कायद्याप्रमाणे परवानाधारकाचा जास्तीत जास्त दर २०१४ साली ठरला तो असा: शेतकऱ्याला तारणावर सालाला ९ टक्के, विनातारण १२, बिगरशेतकऱ्याला तारणावर १५ आणि विनातारण १८. कुठं १८ आणि कुठं ६०! सावकारानं व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते आणि जमीन परत मिळू शकते. परत मिळतेच असं मी म्हणणार नाही. चौकशीला हेलपाटे आहेत, साक्षीदार उलटतात. पण नुसता अर्ज पडला म्हणून सावकार ओसरीवर यायचा थांबला, असं मी पाहिलेलं आहे.

पण मैत्रिणींनो, सावकार हा आजच्या बाईचा एकटा वैरी राहिलेला नाही. सावकाराकडं नवरा जायचा. आजचं कर्ज बाईच्याच नावावर येतं, तिच्याच आधारकार्डावर, तिच्याच फोटोवर, आणि वापरायला बहुतेक वेळा घरात जातं. नाबार्डनं १९९२ साली पाचशे बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला तेव्हा त्यात बाईची स्वतःची बचत आधी होती आणि कर्ज नंतर. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेला आणि तिच्या संस्थापकांना २००६ साली नोबेल मिळालं आणि सगळ्या जगाला वाटलं, गरीब बाईला कर्ज दिलं की गरिबी गेली. मग बचत मागं पडली, नुसतं कर्ज उरलं. २०१० साली शेजारच्या आंध्रात वसुलीच्या जाचानं माणसं जीव देऊ लागली, तेव्हा तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. श्रीलंकेत हिंगुरक्गोडा गावी २०२१ च्या ८ मार्चपासून बायका याच कर्जांविरुद्ध सत्याग्रहाला बसल्या. आपण ८ मार्चला हळदीकुंकू करत होतो! (हसू नका, मीही होते.)

या कर्जाचं गणित मी फळ्यावर मांडते. चाळीस हजारांचं कर्ज, सालाला २४ टक्के, चोवीस महिने. महिन्याचा हप्ता साधारण २,११५ रुपये. एकूण भरणा ५०,७५० च्या आसपास. सावकारापेक्षा कितीतरी बरं, हे खरंच आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. गोची पुढं आहे. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं घेतलं, दुसरीचा भरायला तिसरीचं. तिन्ही हप्ते मिळून सव्वासहा हजारांच्या वर जातात. शिवणकाम करणाऱ्या बाईला लग्नसराईत आणि दिवाळीत काम पुरत नाही, आणि सोयाबीन हातात यायच्या आधी आषाढ-श्रावणात तिच्याकडं नुसतं पिको-फॉलचं गिऱ्हाईक. पॅसेंजरनं परभणीला किंवा पूर्णेला भाजी घेऊन जाणाऱ्या बाईची गाडी चुकली की त्या दिवसाची कमाई कोमेजून जाते. तिची कमाई अशी वरखाली, आणि हप्ता मात्र बारमाही एकसारखा. नोकरदाराचा पगार डोळ्यांपुढं ठेवून बांधलेलं माप आहे ते, ते तिला बसवलेलं आहे.

रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये या कर्जांसाठी नियम काढले. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्जाचं कार्ड बाईला कळेल अशा भाषेत हवं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची. बाई लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तिथं आली नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी जायचं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, नातेवाईकांना आणि सोबत्यांना त्रास देणं नाही, थकबाकीदाराचं नाव जाहीर करणं नाही. नियम चांगले आहेत. पण त्यांत एक फट आहे आणि आपल्या सगळ्या त्या फटीत सापडतो. निम्म्याचं माप कर्ज देण्याच्या दिवशी लावतात. त्या दिवशी घरात दोन कमावणारे असतात. चार महिन्यांनी नवरा मेला, अपघातात पडला, दुसरी करून बसला, किंवा बाईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने मशीनवर पाय ठेवता येईना, तर उत्पन्न निम्म्यावर येतं आणि हप्ता आहे तिथंच. काल नियमात बसणारं कर्ज आज नियमाबाहेर गेलं, पण ते परत मोजायला कुणी येत नाही. ते मोजून मागायचं काम आपलं आहे. लेखी अर्ज द्यायचा, घरात हा बदल झाला, उत्पन्न इतकं उरलं, हप्ता लहान करून मुदत वाढवून द्या. पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार. हा सगळा तीन कागदांचा खेळ आहे.

एक सावधगिरी. हप्ता थांबला म्हणजे व्याज थांबलं असं नव्हे. २०२० साली कोरोनात मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढं ढकलायची सवलत होती. पुष्कळ बायकांना वाटलं सहा महिने माफ झाले. माफ नव्हते, ते शेवटी जाऊन बसले आणि व्याज चढत राहिलं. कर्जमाफीचंही तसंच. २०१७ ची आणि २०१९ ची माफी शेतीच्या कर्जाची होती. शिलाई मशीनच्या, गिरणीच्या, बांगड्यांच्या फेरीच्या कर्जाला आजवर कुणी माफी दिलेली मी ऐकलेली नाही. राज्यकर्त्यांच्या लेखी शेतकरी म्हणजे सातबारावाला, आणि सातबारावर बाईचं नाव कुठं असतं? शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकांच्या नावावर जमीन करायला लावलं, त्याला आता तीस-पस्तीस वर्षं झाली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकार एक लाख देतं, २००६ च्या निर्णयानं त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण त्यासाठी आधी त्याचं मरण ‘पात्र’ ठरावं लागतं, आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं लागतं. बिनपरवान्याच्या सावकारापायी जो मेला तो कागदावर उगीचच मेला.

परत धंद्याकडं येऊ. कोर्टात दावा होऊन निकाल लागला आणि जप्ती आली, तरीसुद्धा काही वस्तू कोर्टालाही जप्त करता येत नाहीत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम ६० बघा. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईनं अंगावेगळे करू नयेत असे दागिने. शंभरावर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कायद्याला जे कळलं होतं ते आम्हा दहा जणींना त्या दारात बसून कळलं नाही. ज्या हत्यारानं कमवून कर्ज फिटायचं तेच विकलं तर फेडणार कशानं? म्हणून धंद्याचं हत्यार विकायचं नाही, गहाणही टाकायचं नाही. मशीन, गिरणीची मोटार, वजनकाटा, गाभण शेळी. हप्ता दोन महिने उशिरा गेला तरी चालेल. सिबिल खराब होतं, पुढचं कर्ज अडतं, हे खोटं नाही. पण मशीन नसलेल्या बाईला पुढचं कर्ज तरी कशाला हवं?

आणि कुणाचं आधी फेडायचं? आपण जो सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो त्याचं आधी फेडतो आणि जी गप्प बसते तिचं शेवटी. माझं मत उलट आहे, कुणाला पटो न पटो. शेजारणीचे हातउसने आधी. तिच्याकडं कागद नाही, व्याज नाही, आणि उद्या रात्री लेकराला ताप आला तर तीच उठून येणार आहे. दुसरं, व्याजाचा दर सगळ्यांत जास्त असेल ते. बाकीच्यांना लेखी अर्ज आणि जमेल तेवढा हप्ता. त्यासाठी वही लागते. एका पानावर धंद्याचं, एका पानावर घराचं. गल्ल्यातून दळणाचे, दवाखान्याचे, भाच्याच्या बारशाचे पैसे उचलायचे आणि मग ‘धंद्यात राहत नाही’ म्हणायचं, हे आपण सगळ्या करतो. घरासाठी उचललं तर घराच्या पानावर लिहा. स्वतःची मजुरीही लिहा, पोलक्यामागं किती तास गेले ते. एका बाईनं महिनाभर असं लिहिल्यावर तिला कळलं की तिचा धंदा तोट्यात नव्हताच, घर तिच्या धंद्यावर चाललं होतं. नवऱ्याला तिनं वही दाखवली. तो म्हणाला, ‘कामून लिव्हीत बसलीस हे?’ पण त्यानंतर विडी-काडीला गल्ल्यात हात घालायचा कमी झाला म्हणे.

आता सगळ्यांत अवघड. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं कर्ज. सासरी असताना तिच्या नावावर कर्ज निघालं, त्यातून नवऱ्यानं मोटारसायकलचे पैसे भरले, पुढं सहा महिन्यांत त्यानं हिला माहेरी आणून सोडलं. मोटारसायकल त्याच्याकडं, हप्ता हिच्याकडं. इथं सही हिची आहे, तेव्हा कायद्यानं कर्जही हिचंच. मी तिला खोटा दिलासा देत नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच धरलेला आहे, आणि त्यातून झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. तेव्हा संरक्षण अधिकाऱ्याकडं जो अर्ज जातो त्यात पोटगीबरोबर हे हप्तेही लिहा, कार्डाची झेरॉक्स जोडा. आमच्या अर्जांमध्ये मारहाण असते, हुंडा असतो. कर्ज कुणी लिहीत नाही. वकीलही विचारत नाहीत. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, त्यानंतरच्या चळवळीत टाकलेल्या बाईचं वेगळं रेशनकार्ड हा हक्काचा प्रश्न झाला. तोपर्यंत ते तिचं खाजगी दुःख होतं. टाकलेल्या बाईच्या नावावरचं नवऱ्याचं कर्ज आज तसंच खाजगी दुःख आहे.

विधवा आणि टाकलेल्या बायांना संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात, २०२३ साली ते महिना १,५०० झाले. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार येतात. हे पैसे आले की वसुलीवाल्याला गावात सगळ्यांत आधी कळतं, बाईला नंतर! ते पैसे लेकरांच्या पोटाचे आहेत. ते घराच्या पानावर लिहा.

आता आपल्या कार्यकर्त्यांबद्दल. काही मैत्रिणी म्हणतात, सरळ भरू नका, सामूहिक नकार द्या. मला तो राग समजतो. पण नकार देणारी पुढारीण परभणीत राहते आणि सिबिल खराब होतं पिंगळीच्या बाईचं. मला तसं बोलायचा अधिकार वाटत नाही. आणि दुसरीकडं बचत गटांच्या मेळाव्यात ‘नव्व्याण्णव टक्के वसुली’ म्हणून हार घातले जातात तेव्हा मला ते मशीन दिसतं. त्या आकड्यात किती मंगळसूत्रं आहेत, किती गाभण शेळ्या आहेत, ते कुणी मोजलेलं नाही. बायकांनी एकत्र यावं म्हणून आपण गट बांधले, आणि त्याच गटाला आपण एकमेकींच्या दारात बसायला शिकवलं. वसुलीवाल्याचा पगार वाचला, आणि शेजारणी शेजारणींचं बोलणं तुटलं. त्या नऊ जणींपैकी चौघी अजून तिच्याशी बोलत नाहीत. लाजेनं बोलत नाहीत, रागानं नव्हे. तीही त्यांना हाक मारत नाही.

तर आपण असं ठरवलंय. येत्या मंगळवारी दुपारी, गाड्या गेल्यावर, इथंच समाजमंदिरात बसायचं. ज्या ज्या कर्जाचं कार्ड घरात असेल ते आणायचं, ट्रंकेतून, पत्र्याच्या डब्यातून, जिथं असेल तिथून. नवऱ्याच्या नावाच्या चिठ्ठ्याही आणा. प्रत्येकीचं कार्ड मोठ्यानं वाचायचं, रकान्यांत मांडायचं: कुणाकडून घेतलं, कुणाच्या सहीवर, विमा आहे का, कुणाचा. वाचायला कॉलेजात जाणाऱ्या तीन मुली येणार आहेत. आपल्या आईचं कार्ड त्यांनी यापूर्वी कधी हातात घेतलं नव्हतं. येत्या महिन्यात ज्या घरात कुणी जाईल, त्या घरी तेराव्यापर्यंत आपल्यातल्या दोघींनी रोज संध्याकाळी जाऊन बसायचं आणि ओसरीवर कागद घेऊन कुणी आलं तर ‘वहिनी आत्ता सही करणार नाहीत’ एवढं सांगायचं. त्या घरचा चहा घ्यायचा.

पहिल्या पाळीला त्या चौघींची नावं मी लिहून घेतली आहेत. त्यांनीच दिली.